एका माणसाची तीस व्हायोलिनं

मास्तर, दोन महिन्यांपूर्वी एका गुरुवारी काकूंकडे गेलो होतो. तुम्ही गेल्यापासून महिन्यातून एकदा तरी जातो, बहुतेक गुरुवारीच, कारण दत्ताचं देऊळ तुमच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे. काकूंनी नेहमीसारखा चहा टाकला आणि ओट्याकडे तोंड करूनच विचारलं, "तुझ्याकडे ह्यांचं काही वाजवलेलं आहे का रे? एकट्याचं?" मी म्हटलं, "एकट्याचं म्हणजे?" तर म्हणाल्या, "एकट्याचं म्हणजे एकट्याचं. घरात कॅसेटींचा ढीग आहे, पण प्रत्येकीत वीस-वीस जण. त्यात हे कुठले ते मला ओळखू येत नाही. बायको असून येत नाही." मी म्हणालो, "बघतो काकू, शोधावं लागेल." शोधायचं काहीच नव्हतं. टेप कुठे आहे ते मला दहा वर्षं ठाऊक आहे. वागळे इस्टेटमधल्या स्टुडिओत लोखंडी कपाट आहे, त्याच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, जुन्या मायक्रोफोनच्या वायरींखाली. तुम्हाला मी ती खराब झाली म्हणून सांगितलं होतं. ती खराब झाली नव्हती. काकूंना ती द्यायची तर हेही सांगावं लागणार होतं, आणि न द्यावी तर त्यांचा चहा प्यायचा कुठल्या तोंडाने? घरी येऊन देवापुढे बसलो तेव्हा नेहमीचं स्तोत्र मध्येच अडलं. लहानपणापासून पाठ आहे ते.

तुम्हाला आठवत असेल, मी तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तेव्हा मला भजनातली पेटी सोडून काही येत नव्हतं. खडवलीच्या पुढे आमचं गाव, चौथीपर्यंत एकाच खोलीत चार वर्ग, आणि संध्याकाळी देवळात भजन. तिथे पेटी वाजवणाऱ्याने भाता जोरात मारायचा, टाळांच्या वर सूर निघाला पाहिजे, एवढीच शिकवण. ती घेऊन मी कल्याणच्या त्या मंगल कार्यालयात तुमच्या वाद्यवृंदाच्या तालमीला आलो. चौदा माणसं, मांडववाल्याकडून आणलेला एकच माइक, आणि त्याच्यासमोर कॅसेट रेकॉर्डर. आल्या आल्या मी भाता मारायला लागलो. तुम्ही गज खाली ठेवलात. "पेटीवाले, तुम्हाला आत्ता काय ऐकू येतंय?" मी म्हटलं, "माझी पेटी." "छान. आम्हालाही तीच ऐकू येतेय. मग आम्ही तेरा जण घरी जाऊ का?" सगळे हसले. माझे कान तापले. तुम्ही हसला नाहीत. खिशातून खडूचा तुकडा काढलात, माइकपासून पावलं मोजत मागे गेलात, खांबाच्या जवळ जमिनीवर गोल काढलात आणि म्हणालात, "इथे बसा. आणि शेजारच्या बासरीवाल्याचा श्वास ऐकू येईल एवढंच वाजवा."

तेव्हा मला ती शिक्षा वाटली होती. नंतर कळलं की तुमचा सगळा तोल त्या खडूतच होता. तुमच्याजवळ कुठलं यंत्र नव्हतं. आवाज कमी करायचा तर तुम्ही खुर्ची मागे सरकवायचात, उजळ करायचा तर माणसाला माइककडे तोंड करायला लावायचात. चेलोवाले जाडजूड गृहस्थ थोडे आधी सुरू करायचे, कारण त्यांच्या तारेला बोलायला वेळ लागतो, असं तुम्ही सांगायचात. आणि तुम्ही स्वतः मागच्या रांगेत, भिंतीकडून दुसऱ्या खुर्चीवर. मुंबईच्या मोठ्या स्टुडिओतही तुम्ही मागच्याच रांगेत बसायचात. मी एकदा विचारलं, "मास्तर, तुम्ही पुढे का नाही बसत?" तुम्ही म्हणालात, "मागे बसणाऱ्याला सगळे ऐकू येतात." पुढे माझं लग्न झालं तेव्हा तुम्ही आहेर म्हणून काय दिलंत, तर दुसऱ्याच कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूला बॉलपेनने काढलेला खुर्च्यांचा नकाशा. तीस गोल. कोण कुठे, माइक कुठे, कुणाचं तोंड कुणीकडे. "एवढी माणसं मला कधी बसवायला मिळाली नाहीत," तुम्ही म्हणालात. "तुला मिळाली तर बसव." बायकोला ती थट्टाच वाटली. मी तो नकाशा पोथीत ठेवला.

मला तीस माणसं मिळाली मास्तर, पण कशी मिळाली ते ऐका.

ज्या कारखान्यात मी कामाला होतो तो बंद पडला, हे तुम्हाला माहीत आहे. त्याच रस्त्यावर एका शेठने गाळा घेऊन स्टुडिओ काढला. आरत्या, स्तोत्रं, देवीची गाणी. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, खिडकी नाही, जाड दार लावलं की बाहेर पाऊस आहे की ऊन ते संध्याकाळीच कळायचं. शेठने परदेशातून येणाऱ्या कुणाकडून तरी एक कीबोर्ड मागवला होता. त्यात खऱ्या वाद्याचा आवाज टिपून ठेवायचा, मग सूर दाबला की तोच आवाज निघायचा. यंत्राबरोबर आलेली व्हायोलिनं ऐकून मी शेठला म्हटलं, "हे आपलं वाटत नाही. आपला माणूस असा गज ओढत नाही." शेठ म्हणाला, "मग आपला माणूस घाल ना यार त्याच्यात. कोण अडवतंय?" आणि मला दुसरं कुणी सुचलंच नाही. तुमची मुंबईची बोलावणी तेव्हा थांबली होती. काकू म्हणायच्या, दुपारी हे खालच्या वाण्याच्या फोनकडे बघत गॅलरीत उभे असतात. मी त्या वाण्याच्या फोनवरच निरोप ठेवला, "मास्तरांना सांगा, थोडं रेकॉर्डिंग आहे."

तुम्ही आलात ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. एका हातात व्हायोलिनची पेटी, दुसऱ्या हातात काकूंचा डबा. आत आल्यावर तुम्ही आधी जमीन बघितलीत. एकच खुर्ची होती. "बाकीचे यायचेत का?" मी म्हणालो, "नाही मास्तर, आज तुम्ही एकटेच." तुमचा चेहरा उजळला होता, हे मी विसरू शकत नाही. एकट्याने वाजवायला तुम्हाला आयुष्यात कुणी बोलावलं नव्हतं. मग तुम्ही तारा लावल्यात, गजाला राळ चोळलीत आणि म्हणालात, "हं, गाणं कुठाय?" मी काचेआडून म्हणालो, "गाणं नंतर. आधी नुसते सूर द्या. एकेक. लांब." तुम्ही व्हायोलिन खांद्याला लावलंत. मग सा लावलात. दोन तास तुम्ही सूर दिलेत, एक हळू, एक मध्यम, एक जोरात, खालपासून वरपर्यंत, पंखा बंद, शर्ट पाठीला चिकटलेला. मी यंत्रात काय करणार आहे ते तुम्ही विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही. विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलोय.

यंत्राची आठवण फार तोकडी, एकेका सुराला जेमतेम दोन-तीन सेकंद. म्हणून मी प्रत्येक सुराच्या अलीकडचं पलीकडचं सगळं गाळलं. खुर्चीची करकर, तुमचा खोकला, तुम्ही मध्येमध्ये काय बोललात ते. नुसते स्वच्छ सूर यंत्रात भरले. मग एका आरतीसाठी तुम्हाला सोळा पट केलं, आणि जे ऐकू आलं ते भयंकर होतं. सोळा माणसं एका क्षणी सुरू व्हायची आणि एका क्षणी थांबायची. ती माणसं वाटेचनात, मोठ्या पेटीचा भाता वाटायचा. आवाज तुमचा होता, पण त्यात तुम्ही नव्हतात. शेठला तेही आवडलं होतं, पण मला झोप लागेना. तेव्हा मी पोथीतून तुमचा नकाशा काढला आणि यंत्राच्या वर खिळ्याला लावला.

त्यानंतर मी जे केलं ते तुमच्याकडूनच शिकलेलं. एकदा वाजवलेली ओळ सोळा वेळा उतरवायची नाही, सोळा वेळा वाजवायची, प्रत्येक वेळी वेगळा माणूस होऊन. हा उतावळा, थोडा आधी येतो. हा समोरच्याचा गज बघून सुरू करतो, म्हणून केसभर मागे. मागच्या खुर्च्यांचा नुसता आवाज कमी करून भागत नाही, लांबून येणारा सूर बोथट होतो आणि त्याच्याबरोबर दालनही ऐकू येतं, हे कल्याणच्या त्या खांबाजवळ बसून मला माहीत होतं. यंत्राबरोबर आलेला चेलो मी आधी सुरू केला. बासरी आणि व्हायोलिनं एकाच सप्तकात भांडत होती, तर बासरी वर नेली. बासरीची ओळ वाजवताना मी स्वतः तोंडाने श्वास घ्यायचो आणि श्वास घेताना बोट उचलायचो, म्हणजे तेवढी जागा सुटायची. आणि तुमचा एक ध किंचित उतरलेला होता. यंत्रात तो चढवणं एका बोटाचं काम. मी बोट नेलंही होतं. पण तो ध मी तसाच ठेवला आणि मागच्या रांगेत, भिंतीकडून दुसऱ्या खुर्चीवर बसवला. त्या क्षणी सगळा वाद्यवृंद जिवंत झाला मास्तर. मी यंत्राला हात जोडले.

शेठने ऐकलं, दोनदा ऐकलं. "क्या बात है! किती माणसं बोलावलीस रे?" मी म्हटलं, "एक." तो हसला आणि म्हणाला, "मग आता माणसं कशाला बोलवायची?"

तेव्हा दार बंद झालं, आणि मी आतल्या बाजूला राहिलो. मी काम वाईट केलं असतं तर शेठने पुढच्या आरतीला तुम्हाला बोलावलं असतं. चार-पाच जण तरी बोलावले असते. मी ते इतकं चांगलं केलं की तुमचीही गरज उरली नाही. महिन्याभराने तुम्ही वाण्याच्या फोनवरून विचारलंत, "त्या रेकॉर्डिंगचं काय झालं रे?" आरतीची कॅसेट तोवर बाजारात आली होती. मी म्हणालो, "मास्तर, टेप खराब झाली." तुम्ही म्हणालात, "अरेरे. मग परत येऊ का?" मी म्हणालो, "कळवतो." पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. तुमच्या तेराव्याला गल्लीच्या तोंडाशी, दत्ताच्या देवळात, तीच आरती लाऊडस्पीकरवर लागली होती. काकू पानं वाढत होत्या आणि बाहेर तुम्ही सोळा जण वाजवत होतात.

आता शेठकडे संगणक आहे. आठवणीची अडचण राहिली नाही, सोळाचे तीस झालेत. यंत्रं बदलली तसे तुमचे सूर मी जुन्यातून नव्यात घालत गेलो, कारण शेठ म्हणतो, "तो जो तुझा आवाज आहे ना, वही चाहिए." माझा आवाज. भाद्रपदात वर्तकनगरच्या आमच्या वसाहतीत चार मंडपांतून चार वेगवेगळ्या आरत्या लागतात आणि चारही ठिकाणी तुम्हीच असता. बायको म्हणते, "तुम्ही मंडपात आलात की डोळे का मिटता? लोकांना वाटतं केवढा भाव!" मी काय सांगू? लोक देवापुढे उभे असतात आणि त्यांच्या आणि देवाच्या मध्ये मी खोटं वाजवत असतो. सोडून द्यावं म्हणून दोनदा राजीनामा लिहिला. पन्नाशीला आलेला माणूस, दुसरं येतं काय? आणि मी सोडलं तरी तुमचे सूर तिथेच राहणार. दुसरा कुणीतरी येईल आणि तुमचा ध चढवेल. तुम्ही त्या गाळ्यात आहात तोवर मलाही जाता येत नाही.

तर काकूंनी मागितलं तेव्हा मी आधी काय केलं, तेही सांगतो. मी तुमच्याकडून एक भजन वाजवून घेतलं. दहा दिवस लागले. एकेक सूर जोडला, मींड जोडली, गज बदलण्याची जागा ठेवली, कडव्याच्या शेवटी तुम्ही जसे थोडे रेंगाळायचात तसा रेंगाळलो. कुणालाही कळलं नसतं. ऐकताना मलाच वाटलं की तुम्ही काचेपलीकडे बसला आहात. मग लक्षात आलं की हे भजन तुम्ही आयुष्यात कधी वाजवलेलं नाही. काकूंनी डोळे मिटून ते ऐकलं असतं आणि मी तिथे बसून चहा प्यायलो असतो. ते मी पुसलं. दहा दिवसांचं काम, पुसायला क्षणही लागला नाही. मग कपाट उघडलं आणि मूळ टेप दहा वर्षांनी पहिल्यांदा पूर्ण ऐकली.

तिची कॅसेट करून काकूंकडे नेली. स्वयंपाकघरातच लावली, त्याच कोपऱ्यात जिथे तुम्ही पाटावर बसून रियाज करायचात, पुढच्या खोलीत शेजारी भिंत ठोकायचे म्हणून. काकू गवार निवडत होत्या. तुमचा सा लागला. मग रे. मग परत रे, जोरात. काकूंनी मान वर केली. "गाणं कधी सुरू होणार?" मी म्हटलं, "गाणं नाहीये काकू. नुसते सूरच आहेत." तेवढ्यात टेपमधून तुम्ही म्हणालात, "पंखा लावतोस का रे जरा? बरं, आवाज येईल नाही का. राहू दे." काकूंच्या हातातली शेंग हातातच राहिली. "पंख्याशिवाय बसले? इथे पाच मिनिटं बसायचे नाहीत." मग पुन्हा सूर. मग तुम्ही, "डब्यात थालीपीठ आहे. तुझी काकू म्हणाली त्याला जास्त दे, तो वाळलाय." काकू हसल्या, नाक पुसलं, म्हणाल्या, "मी कुठे म्हटलं होतं? हेच म्हणाले होते, जास्त कर म्हणून." पुढे तो उतरलेला ध आला, आणि त्याच्यामागून तुमचा आवाज, "हा उतरला. परत घेतो... नको, असू दे. असा एखादा असावा." मास्तर, हे वाक्य मी तेव्हा ऐकलं असणारच. काचेपलीकडे मीच होतो. तरी तो ध ठेवण्याची अक्कल माझी, असं समजून दहा वर्षं मनात मिरवलो.

कॅसेट थांबली. काकू म्हणाल्या, "एक काम कर. ते सूर काढून टाक. नुसतं बोलणं ठेव." मी म्हटलं, "काकू, तुम्हाला त्यांचं वाजवणं हवं होतं ना?" "वाजवणं मी चाळीस वर्षं ऐकलं बाबा, विटेपर्यंत ऐकलं. हे बोलायचे कुठे? मला काय माहीत त्यात बोलणंही आहे." मग शेंगा पुन्हा हातात घेत, माझ्याकडे न बघता, "इतके दिवस कुठे होती ही?" मी म्हणालो, "सापडली. कपाटात होती." काकू म्हणाल्या, "बरं झालं हो सापडली." तेव्हा सांगता आलं असतं. गवारीच्या शिरा काढत मी त्यांना मदत करत बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टुडिओत मूळ टेपची फीत आणि ब्लेड घेऊन बसलो. तुमचे सूर एकेक करून कापले आणि बोलणं बोलण्याला चिकटवलं. ज्या हाताने एकदा बोलणं गाळलं होतं त्याच हाताने आता सूर गाळत होतो. खोकला सवयीने काढला आणि परत घातला. एक ध मात्र ठेवावा लागला, नाहीतर "हा उतरला" कशाला म्हणालात ते काकूंना कळलं नसतं. सगळं मिळून चार मिनिटंसुद्धा भरलं नाही. त्याची नवी कॅसेट करून काकूंना दिली आणि आधीची परत आणली. काकू आता ती रोज लावतात, भाजी निवडताना. परवा मला म्हणाल्या, "शेवटी अगदी एकदम बंद होते रे. काही म्हणालेच नाहीत का जाताना?" मी म्हणालो, "नाही."

म्हणाला होतात. टेपच्या अगदी शेवटी, व्हायोलिनच्या पेटीची कडी लागल्याचा आवाज येतो आणि तुम्ही म्हणता, "गाणं ठरलं की कळव हं. मी काय, मोकळाच आहे." ते काकूंनी ऐकलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मग तू कळवलंस का? पहिल्यांदा लावली तेव्हा त्या वाक्याच्या आधीच मी बटण दाबलं होतं, आणि नंतर ब्लेडने ते कापलं. हातभर लांबीची फीत आहे. टाकवेना, म्हणून खिळ्यावरून काढलेल्या नकाशाच्या पत्रिकेत गुंडाळून पोथीत ठेवली आहे. हे पत्रही तिथेच ठेवीन. उद्या सकाळी देवीच्या आरतीचं काम आहे, शेठला ह्या वेळी चाळीस हवेत. नकाशात गोल तीसच आहेत, तर वरचे दहा कुठे बसवायचे ते सकाळी बघेन.

गाणं ठरलं होतं, मास्तर. तुम्ही सूर देत होतात तेव्हाच ठरलेलं होतं.